संगणकाच्या मते मी अजून बूट बदलतोय

हॅलो? ताई, तू तिसरी आलीस.

…काही नाही. मी कुठे काय म्हणालो? ऊन आहे म्हणालो. इकडे फार ऊन आहे. घोटा कसा आहे तुझा?

…नाही गं, ‘तिसरी’ वगैरे काही नाही म्हणालो. प्लॅस्टर कानापर्यंत चढलं का तुझं?

…हो, हो, संपली ड्युएथलॉन. मस्त संपली. अगं ऐक ना, सगळं सांगतो, पण क्रमाने. आणि आईला फोन देऊ नकोस, ती आधी विचारणार, सकाळी काय खाल्लंस.

…केळं. सांग तिला, केळं.

तर, पहिलं पळणं. तू म्हणाली होतीस ना, सगळे वेड्यासारखे सुटतील, तू सुटू नकोस? सगळे सुटले. मी नाही सुटलो. माझ्या मागे फक्त रुग्णवाहिका होती. तिच्या ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, बसता का? म्हटलं, परतीच्या वेळी बघू.

…अगं, घाबरलो कुठे? तूच सांगितलंस, ही नुसती तालीम आहे. खरी लढाई ट्रायथलॉनची, तिथे आधी पोहायचं. मी तालमीच्या मानानेच पळत होतो. मग सायकल घेतली आणि चढ आला. ताई, चढावर माणसं अशी मागे पडायला लागली, जणू त्यांचं तिथे घर होतं. मी काही वेगळं केलं नाही. तुझा आवाज डोक्यात लावला आणि पॅडल मारत राहिलो. डोक्यात तू जरा जास्तच ओरडतेस पण.

…सांगतोय ना! सायकल लावली, बूट बदलले, पळायला निघालो, तर पाय गायब. म्हणजे होते, पण कुण्या म्हाताऱ्या काकांचे उसने आणल्यासारखे. तू म्हणाली होतीस विटा बांधल्यासारखं वाटेल. विटा परवडल्या, त्या निदान बोलत नाहीत. हे काका कण्हत होते. पुलापर्यंत कण्हले, मग गप्प बसले. आणि मग, ताई… मी पळालो. असा कधीच पळालो नव्हतो. शेवटच्या वळणावर डॉक्टरीणबाईंनासुद्धा मागे टाकलं.

…दातांच्या. माझी अक्कलदाढ काढली ना, त्या. …हो, अक्कल तेव्हाच गेली, माहीत आहे, दरवेळी काय तेच.

…माझी वेळ? वेळ ना… माझी वेळ अजून चालू आहे.

…म्हणजे शर्यत संपली. पण फळ्यावर माझी संपलेली नाही. संगणकाच्या मते मी अजून बूट बदलतोय.

…ओरडू नकोस. झालं असं की मोजा ओला झाला होता, तो ओढून काढला, तर त्याच्याबरोबर पायातली चिपची पट्टीही निघाली. मला काय पत्ता? सापडली नंतर. सायकलच्या बुटात होती, मोज्यात गुंडाळून, शांत झोपलेली.

…आई काय म्हणतेय? …तिला सांग, प्रत्येकाच्या पायाला एक पट्टी बांधतात, चटईवरून गेलं की संगणक नाव लिहितो. तो माणूस बघत नाही, पट्टी बघतो.

…मग शेवटची रेषा कोणी ओलांडली? हां. तेच तर. तू.

…डाव्या पायाला तुझी पट्टी होती.

…‘फेकून दे’ म्हणाली होतीस, ऐकलं होतं मी. पडदा लावताना पडल्यापासून तू सगळंच फेकून द्या म्हणतेस. स्टूल फेका म्हणालीस. बाबा त्याच्यावर बसून पेपर वाचतात.

…कशाला बांधली म्हणजे? वर्षभर पहाटे दोघं उठलो. आज एकटाच उभा होतो तिथे. डावा पाय मोकळा मोकळा वाटत होता. एवढंच. रडूबिडू नकोस, शेजारी पंच उभे आहेत.

…पंच का उभे आहेत, तेच सांगतोय! महिलांच्या गटाचा निकाल लागला आणि त्यांनी तुझं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या नंबरची पायरी रिकामी. आणि डॉक्टरीणबाई खाली उभ्या, चौथ्या. टाळ्या वाजवत होत्या गं, हातातलं पदक गेलेलं असताना. मला राहवेना. गेलो पंचांकडे. म्हटलं, साहेब, तिसरी आलेली बाई घरी पलंगावर आहे, तिचा पाय उशीवर आहे. ते म्हणाले, मग धावलं कोण? म्हटलं, तिचा उत्साह.

…नाही हसले.

…नियमाप्रमाणे दोघंही बाद, असं म्हणाले आधी. मग त्यांनी शेवटच्या रेषेवरचे फोटो काढून बघितले. तुझ्या वेळेच्या सगळ्या फोटोंत मीच. तिसऱ्या आलेल्या महिलेला एवढ्या मिशा आहेत, हे त्यांनाही पटेना. आता म्हणतात, जिची पट्टी तिने स्वतः सांगावं की मी धावले नाही, मग ती वेळ माझ्या नावावर लावू. नाहीतर माझी शर्यत अपूर्ण. आणि ही अपूर्ण राहिली तर ट्रायथलॉनला घेत नाहीत, आणि तिची नोंदणी आज बंद होतेय. म्हणून तू फक्त एवढंच सांगायचं…

…‘विचार करून सांगते’? कसला विचार? ताई, तू आलीच नव्हतीस!

…हो, तिसरी म्हणजे चांगलंच आहे. …हो, आजवरचा तुझा सर्वांत चांगला निकाल, मान्य. …अगं पण तो माझा आहे ना!

…बाबा शेजारी सांगूनपण आले? कधी? …मी ‘तिसरी आलीस’ म्हणालो तेव्हाच? म्हणजे स्पीकरवर आहे का हे सगळं? …आणि शेजाऱ्यांनी विचारलं नाही, की मुलगी घरात असताना धावली कशी? …‘ती काहीही करू शकते’, असं म्हणाले बाबा? बरं. छान. मी या घरात जन्मलोय की बुटात सापडलोय?

…ताई?

…हं.

…हं. माहीत आहे. ती मोठी शर्यत, ट्रायथलॉन, तुझीच होती. पोहायचं तळं तर तुझंच आहे. मी अजून पाण्यात शिरलो की आधी तळ शोधतो पायाने. …नाही, जाईन मी. पोहेन. बुडणार नाही, बुडायला श्वास सोडावा लागतो, मी सोडतच नाही. आजचं सांगतो ना तुला, काका कण्हत होते आणि तरी मी पळालो. मला जमणार आहे, ताई. पहिल्यांदाच खात्रीने म्हणतोय.

…खरंच? देऊ त्यांना? …नीट बोल. साहेब म्हण. शिट्टीवाले म्हणू नकोस.

साहेब, घ्या.

…हां, मीच परत. काय बोललीस गं? त्यांनी टोपी काढली. …‘मी धावले नाही, पण धावले असते तर दुसरी आले असते’? असं म्हणालीस? पंचांना? …बरं. मग बरोबर आहे. लिहून घेतलंय त्यांनी. वेळ माझ्या नावावर. बाईंना पायरीवर चढवतायत. ऐकू येतात का टाळ्या? …त्या तुला नमस्कार सांगतायत. म्हणतायत, तुझी अक्कलदाढ अजून राहिली आहे.

…बाबांना सांग, शेजारी परत जाऊन या. …नाही जाणार? बरं, मग शेजाऱ्यांपुरती तू तिसरी.

…अगं, ठेवू नकोस, एक मिनिट. समितीला लेखी अर्जही द्यायचा आहे. लिहिलाय मी. वेळ अर्जदाराच्या नावे लावावी, अमुक तमुक, सही. पण खाली ‘इतर काही म्हणणे असल्यास’ अशी जागा सुटली होती. रिकामी जागा वाईट दिसते. ऐक, आणि मग ठेव…

…नाक कशाला ओढतेस? ऐक ना!

‘अर्जदाराची बहीण सध्या एका पायावर असून, समितीतील कोणाहीपेक्षा उत्तम पोहते. सबब, मोठी शर्यत तिचा घोटा पूर्ण बरा होईपर्यंत पुढे ढकलण्यात यावी, आणि तोवर तळ्यातले पाणी कोणीही हलवू नये, ही नम्र विनंती.’