तीन थर काळा रंग

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघणाऱ्या मास्तरीणबाईंनी पेपर उघडला होता, पण कान पलीकडे होते. जुनी स्पोर्ट्‌स कार लिफ्टवर चढवलेली होती. खाली मेस्त्री, मालक आणि मालकाची बायको.

"साहेब, खालून हे काळं कुणी फासलंय?"

"फासलंय काय! गंजू नये म्हणून मी स्वतः तीन थर दिलेत. महिनाभर गाडीखाली उताणा होतो."

"जेवायला हाक मारली की नुसते पाय हलायचे."

"आणि इथली भोकं?"

"सगळी बुजवली. पाणी आत शिरेल ना!"

"अहो, ती आतलं पाणी बाहेर जायला असतात."

"मग आतलं पाणी?"

"आतच." मेस्त्रीने पत्र्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तांबडं पाणी मालकाच्या बुटांवर आलं. "सस्पेन्शन ह्याच पत्र्यावर उभं आहे. एखाद्या वळणावर चाक एकीकडे गेलं असतं आणि तुम्ही दुसरीकडे."

"काल घाटात मला म्हणत होतात, घाबरतेस काय!"

बायकोने वाकून ती बुजवलेली भोकं पाहिली.

"अहो, गच्चीचं वॉटरप्रूफिंगही तुम्हीच केलंत ना?"

"हो."

"तिथली पाणी जायची भोकं?"

मालकाने बुटांवरचं तांबडं पाणी झटकलं.

"मेस्त्री, गाडी राहू दे. आधी एक शिडी द्या."