बुद्धिबळाचा वास

विमानतळावरच्या दुकानात चॉकलेटचा डबा घेऊन मास्तरीणबाई रांगेत उभ्या होत्या खऱ्या, पण कान सगळे पुढच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोकडे. विक्रेती त्यांना स्कॉच चाखवत होती.

“काका, ही ब्लेंडेड. वेगवेगळ्या पिंपांतल्या तीस व्हिस्क्या एकत्र केल्यात.”

“तीस? आणि भांडत नाहीत? आम्हा तीन जावांना एका घरात नाही जमलं.”

“अगं, गप्प बस जरा. हं. चांगली आहे.”

“मघाच्या दोन्हींनाही चांगलीच म्हणालात. बघू इकडे.”

“तू पिणार?”

“वास घेते. आधी मध. मग संत्र्याची वाळलेली साल. आणि मागून धूर, चूल विझवल्यावर येतो तसा.”

“काकू, आमच्या कागदावर हेच लिहिलंय.”

“तुला कसं गं कळलं?”

“हा तुमच्या बुद्धिबळाचा वास आहे.”

“कशाचा?”

“दर शनिवारी डॉक्टरांकडे बुद्धिबळ खेळायला जायचात ना? एकवीस वर्षं शर्ट कोण धूत होतं?”

“कधी बोलली नाहीस.”

“खुशीत घरी यायचात. कशाला बोलू? डॉक्टर गेल्यापासून शर्टाला नुसता साबणाचा वास येतो.”

“काका, देऊ ही बाटली?”

“नको. एकट्याने काय प्यायची.”

“द्या हो, नीट बांधून द्या. आणि अहो, शनिवारी पट काढा. घोडा कसा चालतो तेवढं मला शिकवा.”

“अगं, घोडा कसा चालतो ते मला तरी कुठे ठाऊक आहे?”