जांभळावरचं मचाण

ऐका रं! शेकोटीजवळ सरका, पर मधी कुणी बोलायचं न्हाई. बोललात की माजी गोष्ट बिथरती.

आपला दगडू. नवं नवं लगीन. घरात धा माणसं, बायकोशी दोन शब्द बोलायची पंचाईत! तवा गड्यानं शक्कल काढली. जोंधळा हुरड्यात आलेला, रानडुकरांचा तरास. वढ्यापल्याडच्या जांभळावर त्यानं मचाण बांधलं आन् हौसाला म्हनला, "म्या म्होरं जातो. तू भाकरी घिऊन ये. आज राखणीला दोघंबी वरच ऱ्हाऊ." हौसा लाजली. लाजणारच की!

दिवस बुडाला आन् गडी निघाला. वढा वलांडला, शिडी चढला, बसला वाट बघत. लई खुशीत!

तवर आलीच की ती! वर आली, शेजारी टेकली. पर शिडी वाजली न्हाई. एवढी कुरकुरणारी शिडी, आन् गप! ह्याच्या ध्यानात कुठलं यायला?

"भाकरी कुठाय?" ती नुसती हसली. ह्यानं हात धरला, तर गार! वढ्याच्या पाण्यावानी गार!

आन् तेवढ्यात खालनं हाक. "अवं, शिडी धरा की! डोईवर पाटी हाय."

अरं देवा! हौसा खाली, मग ही कोण?

शेजारची म्हनती, "दगडू, उतरू नगंस. खाली हडळ हाय."

दगडू? आपल्यात बाईमाणूस जीव गेला तरी नवऱ्याला असं नावानं हाक मारंल व्हय? दगडूला घाम फुटला. वरडला, "खाली हौसाच आसशील, तर नाव घे! उखाण्यात घे!"

"जोंधळ्याच्या ताटाला कणीस आलं भारी,
दगडूराव, खाली या, भाकरी निवली सारी!"

झालं! शेजारची खवळली! तिचा हात लांबला, लांबला, पार शिडीवरनं खाली, हौसाच्या वेणीपातूर! दगडूनं मागचा-फुडचा इचार केला न्हाई. मारली उडी! पाय मुरगळला, पर हौसाचा हात धरला आन् पळ!

मागनं हाक आली. आता दगडूच्याच आवाजात! "हौसा, म्या वरच हाय गं! तुझ्यासंगं पळतोय त्यो कोण?"

पोरीचा हात सैल झाला. अंधारात तोंड दिसंना. पर हातातला हात घामानं भिजलेला. भुताला कुठला आलाय घाम? तिनं त्यो आणखी घट्ट धरला, आन् लंगडत्या नवऱ्याला वढत वढा पार केला.

म्हणून सांगतो, अंधार पडल्यावर जांभळाची वाट धरू नगा. आन् अडल्या येळी जावंच लागलं, तर मागनं कुणीबी हाक मारू दे, माज्या आवाजात मारली तरी, संगच्या माणसाचा हात सोडायचा न्हाई.