ऑर्विलच्या वाट्याचा ठेका

किंग्स्टनला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“मावशी, काल नाचाला तुमचा ऑर्विल ज्यावर गाणार होता तो ठेका वाजला. त्या एकाच ठेक्यावर चौघांची गाणी, पाठोपाठ.”

“आणि माझ्या पोराचं? गाणं रेकॉर्ड करायच्या आधीच देवाघरी गेला गं तो.”

“त्याच्या पाळीला डीजेनं नुसता ठेका सोडला. वर आवाज कुणाचाच नाही.”

“लोक वैतागले असतील.”

“कुणी हललंसुद्धा नाही, मावशी. संपला तशी सगळ्यांनी दाद म्हणून कुंपणाचे पत्रे बडवले. पुन्हा लावायला लावला.”

“गाणंच नसताना?”

“नसताना.”

“ते पत्रे मला घरात ऐकू आले, डेल्सिटा. म्हटलं, कुणीतरी मोठा गायक आलेला दिसतोय.”