ताईच्या घरचा ऑस्कर मासा

नाव व पत्ता वरच्या रकान्यात भरल्याप्रमाणे. वय २३ वर्षे, शिक्षण आठवी, शोभेच्या माशांच्या दुकानात नोकरी. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

माझी थोरली बहीण व भाऊजी असे दोघेच राहतात. त्यांच्या पुढच्या खोलीतली चार फुटी काचेची टाकी मी बसवली. तीत ताईने वाढवलेला एकच ऑस्कर मासा आहे. ताई दिसली की तो काचेशी येऊन अख्खे अंग हलवतो. मला पाहून दगडामागे जातो. ताई म्हणायची, "तुझ्यापेक्षा हा बरा, रोज विचारपूस तरी करतो."

मागील महिन्यात भाऊजी दुकानात आले. ऑस्करसोबत छोटे निऑन मासे सोडू का म्हणाले. मी सांगितले, तोंडात मावेल तो त्याचा घास. त्याच्या मापाचे सेव्हरम किंवा सिल्व्हर डॉलर घ्या. त्यांनी विचारले, "आणि जुना नव्याला राहू देत नसेल तर?" मी सांगितले, जुन्याला चार दिवस आडोशाआड ठेवा, दगडांच्या जागा बदला, मग नवा सोडा. जुन्याला मग ती जागा आपली वाटत नाही. भाऊजींनी हे कागदावर उतरवून घेतले. मासा एकही घेतला नाही.

रविवारी संध्याकाळपासून ताईचा फोन बंद आहे. आज गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी घरी गेलो. भाऊजी म्हणाले, "मैत्रिणीकडे गेली आहे. तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस?" सोफा खिडकीजवळून हलवला होता. लोखंडी कपाट मागच्या खोलीच्या दारासमोर आणले होते. उंबऱ्याशी बायकांच्या नव्या चपला होत्या, चार नंबरच्या. ताईला सहा नंबर लागतो. टाकीतले दगड मात्र होते तिथेच होते.

मी टाकीपाशी वाकलो. ऑस्कर पुढे आला व अंग हलवू लागला. मला बरे वाटले. मग लक्षात आले, तो माझ्या खांद्यावरून मागे पाहत होता. मी वळलो. मागे कपाट होते. भाऊजी म्हणाले, "भूक लागली असेल," आणि त्यांनी टाकीवर चादर टाकली.

इथे हवालदारसाहेब म्हणाले, "मग माशाचाही जबाब घेऊ का?" माझे म्हणणे एवढेच आहे की, ते कपाट सरकवून पाहावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी स्वतःही दोनदा वाचला. दोन वेलांट्या माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केल्या. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. चौथा दिवस आज संध्याकाळी भरतो.