मागचं धुकं

विट्यात, फोटो फ्रेम करायच्या दुकानात माझ्या पुढं एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"आवं, ह्यो समिंदर व्हय? मला तर आटल्यालं तळं दिसतंय."

"ओहोटी हुती गं. पाणी लांब गेलतं."

"आन रंग कुठं गेलं?"

"धुक्यात रंग न्हवतंच. उत्कर्षा म्हणली, आजोबा, काळा-पांढराच काढू."

"नात तुमची लय शानी! आजोबा पार कडंला, आन सगळीकडं चिखल."

"आप्पासो, ह्या फ्रेमला फोटू लांबडा पडतोय. तुमच्या मागं नुसतं धुकंच हाय, तेवढं कापू का?"

"काप की, आसिफ."

"थांब रं जरा. आवं, समिंदर बघायला गेलासा आन मान वळवून मागं काय बघताय?"

"सवय. मेंढरं घिऊन चालताना मागं कोण ऱ्हायलं का, बघाय लागायचं."

"मेंढरं इकून लय वर्सं झाली."

"व्हय. पर गुडघ्यापायी तू घरी ऱ्हायलीस न्हवं?"

"मग मावशी, कापू?"

"नगं. मोठी फ्रेम काढ. त्या धुक्यात मी हाय."