बिनतारी माळावरची पोच

ऐका. दार लोटून घ्या, आणि मधे कुणी बोलू नका.

आपल्या माळावर तो एकटा लोखंडी खांब आहे ना, तसे तिथे बारा होते. बिनतारी ठाणं होतं ते. तिथून सात समुद्रांपलीकडे निरोप जायचा. मधे तार नाही, काही नाही. यंत्रावर बसायचे टिपणीस मास्तर. नियम असा, की पलीकडून 'पोचलं' ही खूण आल्याशिवाय त्यांनी खुर्ची सोडायची नाही. एक आखूड ठोका, एक लांब, एक आखूड. ती खूण.

मोठ्या लढाईत आपल्या गावच्या पारूबाईचा मुलगा हरवला. तिच्या डोळ्यांतलं पाणी मास्तरांना बघवेना. त्यांनी पलीकडे विचारलं, शिवराम कुठे आहे? खूण आली नाही. पुन्हा विचारलं. अंगात ताप, तरी उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी बटणावर बोट ठेवूनच गेले बिचारे.

पुढे ठाणं मोडलं. मास्तर काही गेले नाहीत.

आता हौसाचं ऐका. ठाण्याच्या राखणदाराची लेक ती. लहानपणी बापाची भाकर घेऊन जायची, यंत्राच्या दाराशी बसून कट्‌कट् ऐकायची. तिची आठ महिन्यांची पोर एका संध्याकाळी धापा टाकायला लागली. सासू म्हणाली, अंगारा लावलाय, उजाडू दे.

"अंगाऱ्यानं घसा मोकळा होत नाही, आत्याबाई," हौसा म्हणाली. पोर पाठीशी बांधली, कंदील उचलला आणि निघाली. डॉक्टर पेठेत, आणि जवळची वाट माळावरून.

माळ लागला तशी पायाखाली कट्‌कट् सुरू झाली. वाटलं, किडे असतील. मग कंदिलाची ज्योत त्याच ठेक्यात मिचकायला लागली. ही चालतेय, चालतेय, आणि समोर तोच खांब. वाट बदलली. पुन्हा तोच खांब. तिसऱ्यांदा पुन्हा तोच. आणि मग, ऐका, पाठीवरच्या पोरीचा श्वास त्या ठेक्यात चालायला लागला. कट् थांबलं की श्वास थांबायचा.

हौसाने घाबरून खांबावर दगड आपटला. चूक झाली. यंत्रावरच्या माणसाला वेडावाकडा ठोका म्हणजे 'समजलं नाही, पुन्हा सांग'. मास्तरांनी पहिल्यापासून सुरू केलं.

तेव्हा तिला ते दार आठवलं. ती खुर्ची आणि ती खूण आठवली. तिची भीती गेली. तिने हातातली चांदीची पाटली काढली. खांबावर एक ठोका दिला. मग लांब ओरखडा ओढला. मग एक ठोका.

"मास्तर, पोचलं हो," ती म्हणाली. "आता निजा."

सगळं शांत. खांबातून कुणी दमून सुस्कारा सोडावा तसा वारा गेला. पोर मोठ्याने रडली, आणि समोर पेठेचे दिवे दिसले.

पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी घटकाभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

पण अंधार पडल्यावर त्या वाटेने तुम्ही जायचं नाही. का, ते ऐका. हौसाने पोच दिली, ती मास्तरांना खरी वाटली. आता ते निरोप पाठवत नाहीत. खांबाशी बसून उत्तराची वाट बघतात. वाटेने कुणी आलं की हळूच विचारतात, शिवराम सापडला का?

काय सांगाल त्यांना?